भिंतीपासून कातळापर्यंत: नवख्यांच्या बॅचच्या १२ आठवड्यांच्या नोंदी

कामाची आखणी

रॉक क्लाइंबिंग शिकायला आलेले आठ जण, सगळे प्रौढ, दोरावर कुणीच कधी चढलेलं नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृत्रिम भिंतीवर सराव, शेवटच्या चार आठवड्यांत शिवाय रविवारी नैसर्गिक कातळावर. अमुक ग्रेड (मार्गाच्या अवघडपणाची श्रेणी) चढता आलीच पाहिजे असं ठरवलेलं नाही. प्रत्येकाला सुरक्षितपणे बिले देता यावं (खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळता यावा), लीडवर, म्हणजे दोर स्वतः वर नेत वाटेत अडकवत चढताना, पडल्यावर भान सुटू नये आणि बॅच संपल्यावरही त्यानं आपणहून चढायला यावं, इतकंच हवं आहे. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.

नवखे गळतात ते बहुधा तीन कारणांनी: हात भरून येतात, बोटं आणि पावलं दुखतात, भीती वाटते. ही तिन्ही आटोक्यात ठेवली की गोडी लावायचं काम चढाई स्वतःच करते. पुढची सगळी आखणी याच समजुतीवर आहे.

भिंत १० मीटर उंच. तिच्या तीन बाजू: एक १० अंश मागे कललेला स्लॅब, एक सरळ, एक २० अंश ओव्हरहँग, म्हणजे पुढे झुकलेली. शेजारी ४ मीटरची बोल्डरिंगची (दोराशिवाय कमी उंचीवर चढायची) भिंत, खाली जाड गाद्या. ९.८ मिलीमीटर जाडीचे, ६० मीटर लांबीचे दोन डायनॅमिक (भार आला की ताणले जाणारे) दोर. बिलेसाठी ट्यूब प्रकारची साधनं आणि दोर आपोआप अडवायला मदत करणारी दोन साधनं. हार्नेस (कंबरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), हेल्मेट आणि सगळ्या मापांचे बूट सामायिक.

आठवडा १, मंगळवार

सरळ भिंतीवर टॉप रोप (वरच्या टोकातून आधीच ओवलेला दोर) लावून सगळ्यांना वरपर्यंत चढवायचं ठरलं होतं. पहिली फेरी उत्साहात झाली. दुसऱ्या फेरीत हात भरून आले आणि तिसऱ्या फेरीला सगळे अर्ध्यातूनच खाली. कोपरापासून मनगटापर्यंत स्नायू ताठ, बुटाची नाडी सोडायलाही बोटं वळेनात. दीड तासाचं सत्र पाऊण तासात आटोपलं.

नवखा माणूस होल्ड (हातापायांना आधार देणारा उंचवटा) गरजेपेक्षा कितीतरी जोरात आवळतो आणि कोपर वाकवूनच लटकतो. जोरात आकुंचन पावलेला स्नायू स्वतःमधल्याच रक्तवाहिन्या दाबतो, त्यामुळे रक्त पुरेसं फिरत नाही आणि पकड सुटते. फेऱ्यांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती दिली होती, ती फारच कमी पडली. असे भरून आलेले हात मोकळे व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात.

बदल असा केला: पहिले दोन आठवडे सरळ भिंत बंद. फक्त स्लॅब, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी चढाई. आडव्या चढाईत दोर नाही, उंची नाही, म्हणून आवळायचं कारणही नाही.

आठवडा १, शुक्रवार

पूर्ण सत्र पायांवर.

आधी बूट. मंगळवारी चौघांनी "क्लाइंबिंगचे बूट घट्टच असतात" हे ऐकून दोन मापं लहान बूट घातले होते आणि उतरल्याबरोबर काढून फेकले होते. नवख्याला बोटं पुढे टेकतील, किंचित वाकतील, पण दुखणार नाहीत असाच बूट हवा. टाचेत पोकळी नको. बूट घालून दहा मिनिटं उभं राहवत नसेल तर माप चुकलं आहे. चौघांचेही बूट बदलले. ज्याचा पाय दुखतो तो पायावर वजन टाकत नाही, सगळं वजन हातावर घेतो आणि मंगळवारचाच प्रकार पुन्हा होतो.

मग सराव. पाऊल होल्डवर ठेवताना आवाज येता कामा नये. आवाज आला की तेच पाऊल उचलून पुन्हा ठेवायचं. पाऊल टेकेपर्यंत नजर त्याच्यावरच. बहुतेकांची नजर पाऊल टेकायच्या क्षणभर आधी वर जाते आणि बूट होल्डच्या कडेवर आपटून घसरतो. टेकवायचा तो अंगठ्याखालचा भाग, तळव्याचा मधला भाग नव्हे. मधल्या भागावर उभं राहिलं की पाऊल वळवता येत नाही, आणि पाऊल वळलं नाही तर कंबरही वळत नाही.

शेवटची वीस मिनिटं स्लॅबवर हाताचा फक्त तळवा टेकवून चढायला लावलं, बोटांनी पकडायची मुभा नाही. सगळे वर पोहोचले. मंगळवारी जे चेहरे उतरले होते त्यांच्यावर पहिल्यांदाच आश्चर्य दिसलं: हाताला काही झालंच नाही, तरी चढलो कसे?

आठवडा २, मंगळवार आणि शुक्रवार

दोन्ही सत्रं बिलेवर गेली. ठरवलं होतं एकच.

आठाची गाठ, दोर परत तिच्यातूनच फिरवून. गाठ हार्नेसच्या दोन्ही टाय-इन पॉइंटमधून (दोर बांधायच्या जागांमधून) जायला हवी, समांतर पट्ट्यांच्या पाच जोड्या दिसायला हव्यात आणि शेपूट दोराच्या जाडीच्या किमान दहापट, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर उरायला हवं. गाठ सगळ्यांना लवकर आली.

वेळ खाल्ला तो ब्रेकच्या हातानं, म्हणजे दोराची सुटी बाजू धरणाऱ्या हातानं. चढणारा भराभर वर गेला की बिलेअर घाईनं दोर घेतो आणि त्या घाईत ब्रेकचा हात क्षणभर सुटतो. आठपैकी पाच जणांचं असं झालं. त्यावर एकच ठरावीक क्रम घोटून घेतला. दोर ओढायचा, ब्रेकचा हात खाली न्यायचा, दुसऱ्या हातानं दोर ब्रेकच्या हाताखाली धरायचा, मग ब्रेकचा हात न सोडता दोरावरून सरकवत साधनाजवळ आणायचा. आधी जमिनीवर कोरडा सराव, मग प्रत्यक्ष चढणाऱ्यासोबत. प्रत्येक बिलेअरच्या मागे तिसरा माणूस दोराचं शेपूट धरून उभा. पुढे चौथ्या आठवड्यापर्यंत हा तिसरा माणूस काढला नाही.

आपोआप अडवणारं साधन सुरुवातीला मुद्दाम दिलं नाही. अशी साधनंही ब्रेकचा हात दोरावर असल्याचं गृहीत धरूनच बनवलेली असतात. सवय ट्यूबवर पक्की झाली की साधन बदलता येतं. उलट्या क्रमानं शिकलेल्याचा हात सुटायची सवय पुढे काढणं फार जड जातं.

चढण्याआधी दोघांनी एकमेकांचं तपासायचं: बकल, गाठ, कॅराबिनरचं (धातूच्या उघडणाऱ्या कडीचं) कुलूप, साधनात दोर योग्य बाजूनं घातला आहे का. तपासताना हात लावून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. हाका तीनच ठेवल्या, "टाइट", "ढील" आणि "खाली". इंग्रजी "टेक" आणि "स्लॅक" वाऱ्यात एकसारखे ऐकू येतात आणि त्यांचे अर्थ नेमके उलटे आहेत, म्हणून ते दोन्ही बाद.

आठवडा ३, मंगळवार

बोल्डरिंग. आधी पडायचा सराव, अर्ध्या मीटरवरून सुरू करून हळूहळू दोन मीटरपर्यंत. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, मागे पाठीवर लोळायचं, हात छातीशी. मागे हात टेकवून सावरायची सहजप्रवृत्ती असते आणि मनगट किंवा कोपर त्यातच मोडतं. हात छातीशी राहीपर्यंत कुणाला वर जाऊ दिलं नाही. गाद्यांच्या मधल्या फटी झाकून घेतल्या, घोटा मुरगळतो तो तिथेच. जिथून उतरता येतं तिथून उडी मारायची नाही.

आठवडा ३, शुक्रवार

बोल्डरच्या ग्रेडच्या चिठ्ठ्या भिंतीवर होत्या. व्ही स्केल, जॉन शर्मननं टेक्सासातल्या ह्युको टँक्सवर रूढ केलेलं. मंगळवारी दिसलं की प्रत्येक जण चिठ्ठी वाचूनच ठरवतो: "व्ही २ आहे, मला नाही जमणार." शुक्रवारी सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

परिणाम तासाभरात दिसला. एका अवघड प्रॉब्लेमपुढे (बोल्डरिंगच्या छोट्या मार्गापुढे) पाच जण गादीवर बसून हवेत हात हलवत होते. डावा पाय आधी की उजवा, कंबर आत वळवायची की बाहेर. कुणी तरी चढून बघे, पडे, परत येऊन सांगे. सत्राची वेळ संपली हे सांगावं लागलं. बॅच मार्गावर आली ती याच दिवशी, असं आमचं मत. हे दृश्य दिसेपर्यंत नवख्याला उंचीवर ढकलण्यात अर्थ नाही. उंचीची फुशारकी दोन फेऱ्यांत ओसरते, कोडं मात्र घरी सोबत जातं.

आठवडा ४

हालचाली. स्लॅबवरून सरळ भिंतीवर.

कोपर सरळ ठेवून लटकायचं, पुढचा होल्ड घेताना पायानं ढकलायचं. भिंतीकडे तोंड करून बेडकासारखं चढण्याऐवजी कंबर वळवून एक बाजू भिंतीला लावायची. उजव्या हातानं लांबचा होल्ड घ्यायचा तर उजवी कंबर भिंतीला आणि उजव्या पावलाची बाहेरची कड होल्डवर. हात त्यामुळे पाच-दहा सेंटिमीटर लांब पोहोचतो. होल्ड नसलेला पाय तोल राखायला आडवा पसरायचा, म्हणजे फ्लॅगिंग. तसं केलं नाही की शरीर बिजागरीच्या दारासारखं भिंतीपासून उघडतं.

शुक्रवारी सगळ्यात उपयोगी सराव सापडला. प्रत्येकानं आधी चढलेला एक सोपा मार्ग निवडायचा आणि तोच तीनदा चढायचा, दर वेळी कमी जोर लावून. दुसऱ्या फेरीला "इथे हा हात लागतच नाही" हे कळतं. तिसऱ्या फेरीला चढणारा गप्प होतो, श्वास एका लयीत येतो. नवे मार्ग दाखवायची घाई केली असती तर हे हातून निसटलं असतं. पुढच्या प्रत्येक सत्राचा शेवट असाच केला.

बॅचमधल्या सगळ्यात बुटक्या मुलीची तक्रार होती की होल्डपर्यंत हातच पोहोचत नाही. दोन जागी ती खरी होती आणि तिथे मधला बारीक पायहोल्ड वापरून मार्ग निघाला. बाकी जागी पाय फार खाली राहत होते. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एल कॅपिटान या कड्यावरचा 'द नोज' हा मार्ग सगळ्यांत आधी फ्री (साहित्य ओढून किंवा त्याला लटकून नव्हे, फक्त हातापायांनी) चढणारी लिन हिल जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीची आहे, हे सांगून पाय एक होल्ड वर घ्यायला लावले. उरलेल्या जागांपैकी बहुतेक सुटल्या.

आठवडा ५

दुखणी. हा आठवडा आखणीत नव्हता, पण ठेवायला हवा होता.

दोघांच्या अनामिकेच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूनं, दाबल्यावर दुखू लागलं. दोघंही बारीक होल्डवर बोटं पूर्ण दुमडून, वर अंगठा दाबून पकडत होते. या पकडीत बोटाच्या मुळाजवळची ए २ ही पुली (कंडरा हाडाशी धरून ठेवणारा पट्टा) सगळ्यात जास्त ताणली जाते. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरा आणि पुलींना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नेमकी ही दरी उघडते: अंगात जोर आलेला असतो, बोटं तयार नसतात. दोघांची चढाई दोन आठवडे बंद, त्या काळात फक्त बिले आणि जमिनीवरून मार्ग वाचणं. "टक्" असा आवाज आला असता किंवा बोट सुजलं असतं तर थेट डॉक्टरकडे पाठवलं असतं.

नियम बदलले. पूर्ण दुमडलेली पकड बंद, होल्ड उघड्या बोटांनी धरायचा. पहिल्या वर्षी हँगबोर्डला (बोटांच्या ताकदीसाठी लटकायच्या फळीला) हात लावायचा नाही. सत्र दीड तासाचंच, त्यातली पहिली वीस मिनिटं सांधे मोकळे करणं आणि अगदी सोपी चढाई. दोन सत्रांमध्ये किमान ४८ तास, मधे कुणी आपणहून येत असेल तरी. चार जण मधल्या दिवशीही यायला लागले होते. त्यांना अडवणं जिवावर आलं, पण अडवलं.

कातडी: घट्टे वाढले की होल्डच्या कडेत अडकून सोलून निघतात. आठवड्यातून एकदा कानस घासून सपाट करायचे. सत्र संपलं की चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) धुवायचं, रात्री मलम लावायचं. चॉक थोडंच. जिम्नॅस्टिक्समधला चॉक १९५०च्या दशकात जॉन गिलनं क्लाइंबिंगमध्ये आणला तो घाम टिपायला. थर चढवला की पकड उलट निसटते.

आठवडा ६

भीती. टॉप रोपवर मुद्दाम सुटायचा सराव. आधी सांगून, मग न सांगता.

इथे आकडे ठाऊक असणं गरजेचं. युरोपीय ईएन ८९२ मानकानुसार सिंगल (एकटाच वापरायचा) दोर ८० किलोच्या स्थिर भाराखाली १० टक्क्यांपर्यंत ताणलेला चालतो. चढणारा जमिनीपासून २ मीटरवर असताना १० मीटरच्या भिंतीवर वर जाऊन खाली आलेला दोर १७ मीटरच्या आसपास असतो. ८ टक्के ताण धरला तर घर्षण वजा करूनही मीटरभर खाली येणं सहज शक्य. म्हणून पहिल्या ३ मीटरपर्यंत दोर ताठ ठेवायचा आणि पडायचा सराव वरच्या अर्ध्यातच करायचा. दोर ताणला जाणं हे दोष नसून त्याचं काम आहे, हे समजल्यावर दोघांची भीती बरीच उतरली. आपण धरलेल्या गोष्टीचा हिशोब कळला की माणूस शांत होतो.

एकीची भीती मात्र बिलेअरबद्दल होती. तिला तिच्याच बिलेअरच्या जागी उभं करून, तिच्याहून जड माणसाला दहा वेळा धरायला लावलं. त्यानंतर ती स्वतः सुटली. बिलेअरपेक्षा चढणारा तिसऱ्या हिश्श्यानं जड असेल तर बिलेअरला जमिनीवरच्या अँकरला (पक्क्या आधाराला) बांधायचं, हा नियम याच आठवड्यापासून.

आठवडा ७

प्रगती थांबली. सगळ्यांचीच, एकदम. एक जण आला नाही आणि पुढेही येणार नसल्याचं कळलं. आता सात.

या टप्प्यावर नवं तंत्र शिकवून काही होत नाही. प्रत्येकाला आपल्या आवाक्यापलीकडचा एकच मार्ग निवडायला सांगितला. तो सलग चढायची घाई नाही. दोरावर लटकत एकेक तुकडा सोडवायचा: मधली अवघड जागा आधी, मग तिथून वरपर्यंत, मग खालून तिथपर्यंत. कुठे एका हातावर विसावून दुसरा हात झटकता येतो ते शोधायचं. शुक्रवारी दोघांचे मार्ग जोडून झाले. बाकीच्यांचे झाले नाहीत, तरी कुणी मार्ग बदलून मागितला नाही.

आठवडा ८

लीडची तयारी, सगळी टॉप रोप लावूनच. चढणारा दुसरा दोर ओढत क्विकड्रॉमध्ये (पट्टीनं जोडलेल्या दोन कॅराबिनरमध्ये) अडकवत जातो, पडला तर टॉप रोप धरतो.

त्याआधी जमिनीवर: छातीच्या उंचीवर क्विकड्रॉ टांगून दोन्ही हातांनी, गेट (कॅराबिनरची उघडणारी बाजू) डावीकडे आणि उजवीकडे, प्रत्येकी ५० वेळा दोर अडकवणं. कंटाळवाणं काम, पण वर पाय थरथरत असताना दोन सेकंदांत दोर अडकला पाहिजे. चुका तीन प्रकारच्या झाल्या. दोर उलट्या बाजूनं अडकवला, म्हणजे पडताना तो गेटवरून निसटू शकतो. खालच्या क्विकड्रॉच्याही खालून दोर उचलून वर अडकवला, मग पुढे ओढताच जागचा हलेना. पाय दोराच्या पुढे राहिला, अशा पडण्यात माणूस उलटा होतो. शेवटची चूक बिलेअरनं ओरडून दाखवायची, चढणाऱ्याला ती दिसत नाही.

डोक्यावरच्या बोल्टला (भिंतीत पक्क्या बसवलेल्या आधाराला) घाईनं दोर अडकवायची सगळ्यांना ओढ. हिशोब मांडून दाखवला. दुसरा बोल्ट ४ मीटरवर, तिसरा ५.५ मीटरवर. कंबर ४ मीटरवर असतानाच तिसऱ्यात अडकवायला दोर ओढला तर वर जाऊन खाली येणारा ३ मीटर ढिला दोर हाती असतो. त्या क्षणी सुटलं तर कंबर १ मीटरवर येईल, त्यात दोराचा ताण मिळवला की जमीन. कंबर ५.५ मीटरपर्यंत नेऊन अडकवताना सुटलं तर कंबर २.५ मीटरवर थांबते, ताण धरूनही पायाखाली बऱ्यापैकी जागा. पहिल्या तीन बोल्टना हे जीवनमरणाचं आहे.

आठवडा ९, रविवार

पहिला कातळ. ग्रॅनाइटचा २० मीटरचा स्लॅब, कोन मवाळ, वर जाणारी पायवाट. टॉप रोप अँकर दोन स्वतंत्र बोल्टवर. दोन फाट्यांमधला कोन ६० अंशांखाली, कारण ६० अंशांना प्रत्येक बोल्टवर भाराच्या सुमारे ५८ टक्के येतं आणि १२० अंशांना प्रत्येकावर पूर्ण भार. कड धारदार होती, दोराखाली जाड कापड घातलं. हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनाही, कारण बिलेअरवर दगड जास्त पडतात.

पहिला तास वाया गेला. भिंतीवर सराईतपणे चढणारे दोन मीटरवर थिजले. इथे रंगीत होल्ड नाहीत, काय धरायचं ते कुणी ठरवून दिलेलं नाही. हात सारखे वर काही तरी शोधत होते आणि मिळत काहीच नव्हतं. शेवटी दोर बाजूला ठेवून सगळ्यांना पायथ्याच्या कलत्या खडकावर, हात पाठीमागे बांधून, चालायला लावलं. टाच खाली, वजन थेट पायांवर, कंबर कातळापासून दूर. कातळाला बिलगलं की पाऊल घसरतं. सरळ उभं राहिलं की रबर धरून ठेवतं. अर्ध्या तासानं परत दोरावर.

भिंतीवर सगळ्यात मागे असलेला माणूस इथे सगळ्यांच्या आधी वर पोहोचला. त्याच्या हातात जोर नव्हता म्हणून पहिल्या दिवसापासून तो पायांवरच विसंबून होता.

दुपारी कातळ तापला, बूट घसरू लागले. थंड कातळावर रबर जास्त धरतं. पुढच्या खेपेला पहाटे यायचं किंवा सावलीची बाजू निवडायची.

आठवडा १०, रविवार

रद्द. वालुकाश्मावर जायचं होतं, आदल्या रात्री पाऊस. वालुकाश्म ओला झाला की आतून कमकुवत होतो. वरून कोरडा दिसला तरी होल्ड तुटतात, बोल्टही हलू शकतात. तुटलेला होल्ड परत येत नाही आणि तो मार्ग पुढच्या प्रत्येकासाठी बदलतो. दिवस गेला म्हणून हळहळ झाली, पण निर्णयाला कुणी विरोध केला नाही. सातही जण भिंतीवर आले आणि आपापले अर्धवट मार्ग घेऊन बसले.

आठवडा ११

शुक्रवारी जमिनीवर एकच गोष्ट: वर पोहोचल्यावर अँकर मोकळा करून खाली उतरणं. चढता येणारी माणसं याच जागी जिवाला मुकतात, कारण इथे गाठ सोडावी लागते. क्रम असा: स्लिंगनं (शिवलेल्या मजबूत पट्टीनं) स्वतःला अँकरला अडकवायचं. दोराचा दुमडलेला पेड अँकरच्या कड्यांतून ओढायचा. त्याला आठाची गाठ मारून कुलुपाच्या कॅराबिनरनं बिले लूपमध्ये (हार्नेसच्या पुढच्या फासात) लावायची. त्यानंतरच मूळ गाठ सोडायची आणि शेपूट कड्यांतून ओढून घ्यायचं. बिलेअरला "टाइट" सांगून वजन दोरावर टाकून बघायचं, स्लिंग अजून लावलेलीच. सगळं बरोबर असेल तरच स्लिंग काढायची. या क्रमात माणूस एक क्षणही दोरापासून वेगळा होत नाही. कड्यातून दुमडलेला पेड जात नसेल तर ही पद्धत चालत नाही, ते खालूनच विचारून घ्यायचं. उतरवणार की स्वतः दोरावरून उतरणार हेही जमिनीवरच ठरवायचं. वर गेल्यावर बिलेअरनं गैरसमजातून दोर सोडल्याचे अपघात झालेले आहेत.

प्रत्येकानं हे जमिनीवर तीनदा, मग भिंतीवर दोनदा केलं.

रविवारी कातळावर लीड, भिंतीवरच्या ग्रेडपेक्षा बऱ्याच सोप्या मार्गांवर. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ, अपवाद नाही: ६० मीटरच्या दोरानं ३० मीटरपेक्षा उंच मार्गावरून उतरवताना टोक साधनातून निसटतं. चौघांनी लीड केलं. तिघांना नको होतं आणि त्यांना एकदाही पुन्हा विचारलं नाही. त्यातली एक दुपारी स्वतःहून क्विकड्रॉ मागायला आली.

आठवडा १२, रविवार

आखून दिलेलं काही नाही. दोर, साहित्य आणि पायथा त्यांच्या स्वाधीन. आम्ही फक्त अँकर आणि गाठी तपासल्या. कोण काय चढणार, कोण कुणाला बिले देणार हे त्यांनी ठरवलं. एक जोडी दुपारभर हाताएवढ्या रुंद भेगेपाशी होती: तळवा आत, अंगठा तळव्याकडे दुमडून हात फुगवायचा, पाऊल आडवं घालून फिरवायचं. हाताच्या पाठीला टेप लावूनही साल निघाली. अर्ध्यापर्यंतच गेले, आणि पुढच्या रविवारी परत यायचं दोघांनी तिथेच नक्की केलं.

साहित्याची स्थिती: एका दोराच्या टोकाचे ३ मीटर केसाळ आणि मऊ पडले, कापून टाकले. आता दोर ५७ मीटरचा, त्याची मधली खूण चुकीच्या जागी आहे. नवी करून जुनी झाकायची आहे. तीन जोड बुटांचं रबर अंगठ्यापाशी पातळ झालंय, भोक पडायच्या आत नवं रबर लावायला द्यायचं.

स्वतःचं साहित्य घ्यायचं म्हणणाऱ्यांना क्रम सांगितला तो असा: आधी बूट, मग हार्नेस, हेल्मेट, बिले साधन आणि कुलुपाचा कॅराबिनर. दोर सगळ्यात शेवटी, दोघा-तिघांत एक. वापरलेला दोर अनोळखी माणसाकडून घ्यायचा नाही, त्यावर काय पडलं आणि कशानं घासलं ते बघून कळत नाही. हार्नेसच्या शिवणी दर महिन्याला उजेडात तपासायच्या.

पुढच्या बॅचसाठी आखणीत तीन बदल लिहून ठेवलेत. पहिल्या दिवशी सरळ भिंत नाही. बिलेला दोन सत्रं आधीपासूनच राखून ठेवायची. कातळावरचा हात न वापरता चालायचा सराव नवव्या आठवड्याऐवजी तिसऱ्या आठवड्यातच, कुठल्याही कलत्या खडकावर.